टोपलीचा तळ

नागपूरच्या बाईंनी आम्हा सात जणींचे केस कापले,
मानेजवळून, पेन्सिलीएवढी बट,
आणि प्रत्येकीच्या पाकिटावर नाव घातलं.
पुस्तकला मारबते, वय एकोणपन्नास, धंदा मासोळी.
आठवड्यातून मासे किती वेळा खाता?
म्हटलं, नसतात तो दिवस विचारा,
लवकर सांगून होईल.

केसांत सगळं लिहून राहते म्हणे,
बोटाच्या पेराएवढ्यात दोन-तीन महिने.
मागच्या पावसात मी काय गिळलं
नवऱ्याला आठवत नाही. केसांना आठवतं.

पारा मी एकदाच पाहिला.
कौतिकाच्या पोट्ट्यानं दवाखान्यात
तापाची कांडी फोडली होती.
फरशीवर एक चकचकीत गोळी,
बोट लावलं की दोन, पुन्हा लावलं की चार,
चिमटीत काही येईना.
तोच पॉवर हाऊसच्या धुराड्यातून वर जातो, बाई सांगत होत्या,
तळ्यावर उतरतो, गाळात रूप बदलतो,
शेवाळातून किड्यात, किड्यातून दांडकात,
शंभर दांडकं एका मरळीत.
आमच्या भिशीसारखंच की,
सगळ्यांचे थोडेथोडे, एकीच्या पदरात ढीग.
उकळून जात नाही. तिखटालाही भीत नाही.

आमच्यात सुनेला दिवस गेले
की मरळीचं डोकं तिच्या ताटात.
सासूनं मला वाढलं होतं.
टिकेश्वरीला सातवा लागला
म्हणून दीड किलोची मरळ रांजणात ठेवलेली,
रात्रभर झाकणाला आतून धडका.

मग बंदच करू का मासे?
नाही नाही, बाई घाईनं म्हणाल्या,
बाळाच्या मेंदूला माशातलं तेल हवं.
आणि सेलेनियम म्हणून एक असतं माशातच,
ते पाऱ्याला धरून ठेवतं.
किती धरतं, कुठवर, यावर अजून भांडण आहे.
तुम्ही लहान खा. दांडक, झिंगे.
मोठे टाळा.

मला हसू फुटलं. बाई बावचळल्या.
काय सांगणार त्यांना?
तीस वर्षं मोठी मासोळी कॉलनीत जाते,
साहेबांच्या दारात, खवले काढून, तुकडे करून.
वाट्यावर वाटा देऊनही न खपलेलं,
टोपलीच्या तळाला चिकटलेलं
तेवढं घरी येतं,
अंबाडीच्या पाल्यात शिजतं, डोक्याकाट्यासकट.
त्याला आम्ही गरिबी म्हणायचो.

परवा कॉलनीतल्या मॅडमचा फोन.
मुलगी बाळंतपणाला आली आहे,
मरळ असेल तर आण, मोठीच आण.
सहाशे रुपये.
म्हटलं, ताई, यावेळी झिंगे घ्या ना.
का गं, मरळ शिळी आहे का?
मी सांगायला लागले. केस, धुराडं, गाळ.
धुराडं म्हटल्यावर फोन थोडा गप्प झाला.
मग म्हणाल्या, राहू दे, चिकन करू.

मरळ अजून रांजणात आहे.
विकली नाही, वाढली नाही.
तळ्यात सोडावी म्हटलं तर
तिला तिथूनच आणलेली.

पाकिटांचं उत्तर आलं नाही.
टिकेश्वरी जेवताना झिंग्यांची डोकी
ताटाच्या कडेला एका रांगेत ठेवते.
मी म्हणते, खाय माय, तेही खाय.
ती माझ्याकडे बघते,
माझ्या मानेजवळच्या
आखूड बटीकडे.