सालाचा आकडा

किती तास, हे एव्हारिस्तोनं अजून ठरवलेलं नाही.

चार तासांचा उजेड जमलाय त्याच्याकडे,
पाच-पाच मिनिटांच्या अठ्ठेचाळीस फ्रेम.
दोन आधीच बाद केलेल्या: एकीतून लिस्बनचं विमान गेलं,
एकीत मीच, टॉर्च घेऊन कॉफी द्यायला.
तेव्हापासून कॉफी अंधारात नेते, चाचपडत.
पायरीवर मांजर असतं, ते आपलं आपण सरकतं.

लॅपटॉपवर एक निळसर डाग.
भोवती धूळ आहे, तांबूस, असं तो म्हणतो.
मला दिसते नुसती खरखर,
जुन्या रेडिओची, डोळ्यांना ऐकू येणारी.

"दुप्पट स्वच्छ हवं तर चौपट वेळ. सोळा तास.
त्याच्याही दुप्पट हवं, तर चौसष्ट."
हा कुठल्या वाण्याचा हिशेब?
मी बोटं मोजते. चांदण्याच्या रात्री वजा,
ढगांच्या वजा, त्याच्या गुडघ्याच्या,
नात सेतूबलहून येते ते शनिवार.
चौसष्ट म्हणजे पुढल्याच्या पुढला ऑक्टोबर,
आणि तो आत्ताच एकाहत्तरचा.

एकेचाळीस उन्हाळे त्यानं बुचाची झाडं सोलली.
नऊ वर्षांतून एकदा निघते साल,
आणि उघड्या लाल खोडावर पांढऱ्या रंगात
त्या सालाचा शेवटचा आकडा.
विहिरीजवळच्या झाडावर तीन आहे.
कुऱ्हाड टेकवली की कळायचं त्याला:
पोकळ वाजली तर काढ,
सुकी वाजली तर राहू दे बिचारीला.

आभाळावर काय टेकवायचं?

परवा सोळावा तास भरला.
हाताला धरून नेलं मला पडद्यापुढे.
दिसली धूळ. खरंच दिसली,
भट्टीतून पाव काढल्यावर हवेत राहतो
तसला मऊ, तपकिरी धुरळा.
"पुरे," मी म्हटलं.
"खालचा कोपरा बघ. तिथे अजून खरखर आहे."
कोपरा कोण बघतं, एव्हारिस्तो?
तो चष्मा कपाळावर सारून
नाक लावून कोपराच बघत राहिला.

आज दुपारी शेडमधून रंगाचा डबा काढला,
वरची साय काडीनं फोडली,
आणि ट्रायपॉडच्या पायावर लिहिलं: १६.
त्यानं पाहिलं. हसला नाही.
ओला रंग हाताला लागू न देता
उचलून बाहेर नेला.

आता अकरा वाजलेत.
टक् वाजतं. पाच मिनिटं काही नाही.
पुन्हा टक्.

सतरावा.