हीट

शिरोलीच्या फाउंड्रीत मोल्डिंगचं मशीन बसवायला
तीन महिन्यांसाठी आली होती ती.
नाव केर्स्टिन.
दादू इंगवल्यानं दुसऱ्याच दिवशी कस्तुरी करून टाकलं,
मग तिच्या हेल्मेटवर तेच नाव रंगवलं गेलं.

मी इन्स्पेक्शनला.
हातोडीनं कास्टिंग ठोकायचं.
घंटेसारखं वाजलं तर पुढं,
भद्द वाजलं तर आत पोकळी.
वरनं काही कळत नाही. वरनं चकचकीत असतं.

नळावर पाय धुताना माझी पोटरी बघून म्हणाली,
आठशे?
म्हटलं, होय, कॉलेजात.
दोन पंचवीस. झोनलला तिसरी आलो,
मग लग्न, मग रात्रपाळी.
ती म्हणाली, एक अठ्ठावन्न.
आणि साबण मागितला.

पहाटे रंकाळ्यावर भेटायला लागलो.
संध्यामठ मागं पडला की ती बोलायची,
श्वास पुरेल तेवढंच, मोडक्या इंग्रजीत.
तेराव्या वर्षी शाळेतनं उचललं.
क्रीडाशाळा, पांढऱ्या फरशा,
नाष्ट्याच्या बशीत निळ्या गोळ्या.
कोच म्हणायचा, जीवनसत्त्वं.
हिवाळ्यात आवाज फुटला. घरी फोन केला तर
आईनं विचारलं, कोण पोरगा बोलतोय?
एकोणिसाव्या वर्षी ते अठ्ठावन्न,
आणि बाविसाव्या वर्षी
ज्या देशाचं निळं बनियन अंगात होतं
तो देशच राहिला नाही.
पुढं टाच गेली. ऑपरेशन. मशीनचा कोर्स.
फायली उघडल्या तेव्हा तिच्या नावासमोर
तारीख, मिलिग्रॅम,
तारीख, मिलिग्रॅम,
आणि शेवटच्या पानावर सही, तिच्या कोचची, वळणदार.

त्यातले सेकंद माझे किती, तिनं विचारलं.
शालिनी पॅलेसपर्यंत मी काही बोललो नाही.
तिसऱ्या दोनशे मीटरमध्ये
पाय आपले नसतातच कुणाचे,
एवढं मला ठाऊक होतं. पण ते उत्तर नव्हतं.

गंगावेशीच्या कट्ट्यावर दुधाचा ग्लास हातात घेऊन
तिनं फेसाकडं बघितलं, बराच वेळ.
यात काय घातलंय?
मी मराठीत विचारलं आणि गवळी
म्हशीच्या बुडाशी बसल्या बसल्या पेटला.
"घालतोय काय? तुमच्याम्होरं पिळलं न्हवं का!"
ते तिला समजावता समजावता मला घाम फुटला.
समजलं तेव्हा एवढी हसली
की नाकाला फेस लागला,
आणि हसू संपल्यावरही खांदे हलत राहिले.
गवळ्यानं काही न विचारता दुसरा ग्लास भरला.
पैसे मात्र दोन्हीचे घेतले.

जायच्या आधीच्या रविवारी विद्यापीठाच्या मैदानावर
दोन फेऱ्या.
वय बावन्न, डावी टाच आखडलेली,
कडेला भरतीची तयारी करणारी पोरं पुलअप्स मारत होती.
घड्याळ माझ्या हातात.
पहिल्या फेरीत तिनं चूक केली, फार जोरात निघाली,
एवढं शिकलेली बाई, तरीसुद्धा.
शेवटच्या वळणावर तोंड वाकडं,
कोपर बाहेर.
तीन मिनिटं नऊ.

लिही, म्हणाली.
खिशात कालच्या शिफ्टचा कोरा टॅग होता.
हीट नंबर, असं छापलेलं. आमच्यात हीट म्हणजे
भट्टीतनं एकदम उतरलेलं लोखंड,
तिच्यात फायनलच्या आधीची चाळणी.
मी तिथं एक लिहिलं.
खाली मिश्रणाचा रकाना,
त्यात लिहिलं, म्हशीचं दूध, दोन ग्लास.
टॅग तिनं बुटाच्या नाडीत ओवला.

फाटकापाशी चहावाल्यानं विचारलं,
बाई, एवढ्या घामाघूम कशानं?
तर माझ्याकडनंच उचललेलं मराठी,
तिच्या त्या जाड, घोगऱ्या आवाजात,
"मी पळालो."

कुणी वळून बघितलं नाही.
इथं सगळ्याच बायका असं बोलतात.