मागचा पुठ्ठा

म्हापशाच्या बाजारात, चणेकारांच्या ओळीमागं
माझं फ्रेमांचं दुकान.
लग्नं, देव, वारलेले, दहावीत पहिले आलेले,
सगळ्यांना मी चार बाजू देतो.

परवा आसगावात नवं घर घेतलेल्या एका बाईनं
गुंडाळी उलगडली. तीन छापील चित्रं.
कुण्या युरोपी चिताऱ्यानं शंभरेक वर्षांमागं
पार पॅसिफिकातल्या बेटावर रंगवलेल्या
आया आणि त्यांची मुलं.
माती लाल, आमच्या डिचोलीसारखी. सावल्या मात्र जांभळ्या.
एका आईमागं नीरफणस.
"ब्रेडफ्रूट," बाई म्हणाली, नवल दाखवावं तशी.
आदल्या रात्रीच मी कापं खाल्ली होती, रव्यात घोळवून.

"किती शांत आहेत ना या?"
मी माप घेत होतो. अठरा बाय चोवीस.

शांत.
मी पाचेक वर्षांचा. हणजुण्यात, खडकाच्या वर,
एक दाढीवाला गोरा आईला पाच रुपयांवर बसवायचा.
धाकटी अंगावर, मी गुडघ्याला टेकून.
"हालूं नाका रे," आई ओठ न हलवता म्हणायची.
घुंगुरटी नाकाशी. घरी चुलीवर बांगड्याचं हुमण आटत चाललेलं.
धाकटी प्याली, झोपली, ओली झाली,
तरी तो हातानं खुणावतोय,
पदर खाली, अजून थोडा खाली.
मग आईनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं.
एकदाच.
त्यानं ब्रश पाण्यात बुडवला
आणि बराच वेळ पाणीच ढवळत बसला.

ती नजर कागदावर उतरली का, माहीत नाही.
कुठल्या थंड गावात, कुणाच्या जेवणघरात
आम्ही तिघं अजून टांगलेलो असू.

काच पुसताना बेटावरच्या त्या बाईला नीट पाहिलं.
मूल चांगलं अंगानं भरलेलं. मांडी एकच, कधीची तशीच.
पायाचा अंगठा आत वळलेला.
खिळे ठोकण्याआधी मागच्या पुठ्ठ्यावर
मापाच्या खाली पेन्सिलीनं लिहिलं:
हिच्या पायाला मुंग्या आल्यात.
आणि चिकटपट्टी मारली.

रात्री आईला सांगितलं.
तिला आता नीट दिसत नाही, पैसे मात्र बोटांनी ओळखते.
"कितलें दिलें तिणें?"
"तीन हजार."
नोटा चाचपत ती थोडी थांबली.
"आनी बसल्ल्यांक?"