मीठ

डेल लाप्लांटच्या आवारात दोघी उभ्या होत्या
अबोला धरलेल्या जावांसारख्या,
एकमेकींकडे पाठ करून.
काळी लिंकन. मोतिया पांढरी कॅडिलॅक.
दोघीही आमच्या सौनापेक्षा लांब.

वेइको आधी कॅडिलॅकमध्ये मागे बसला,
मग बूट काढून आडवा झाला,
सहा फूट चार इंचांचा माणूस
घडी उलगडावी तसा, हळूहळू.
डायलिसिसहून परतताना त्याला असंच पडायचं असतं
हॅनकॉक ते ओन्टोनॅगन, पन्नास मैल,
आणि आमच्या पिकअपमध्ये
गुडघे हनुवटीला टेकतात.

"खाणीत अशी सीट असती," तो छताशी बोलला,
"तर मी वर आलोच नसतो."

लिंकनची सीट कडक निघाली.
त्याची टाच दाराला लागली.

मी खडीवर गुडघे टेकून खालून बघत होते.
आमच्याकडे गाडी खालूनच बघायची असते.
नोव्हेंबर ते एप्रिल रस्त्यावर मीठ टाकतात,
आणि खाल्ल्या मिठाला माणूस जागतो म्हणे,
पण गाडीला मीठच खातं,
आवाज न करता, दाराच्या खालच्या कडेपासून.
वेइकोच्या ताटातून ते जाऊन दोन वर्षं झाली.
खारवलेल्या माशांची बरणी मी इर्माला दिली,
झाकणावर त्याच्या हातचं महिन्याचं नाव होतं, तशीच.

कॅडिलॅक इथलीच. पोटाला गंजाची जाळी,
वर डेलने मारलेला ताजा काळा रंग.
लिंकन ॲरिझोनाची, कोरडी ठणठणीत,
सांध्यांत अजून तिकडची लाल वाळू.

डेल प्रामाणिक आहे, म्हणजे विचारलं तर सांगतो.
"हिचं हेड गॅस्केट जाणार कधीतरी.
तीस हजार मैल धरा. नशीब असेल तर चाळीस.
लिंकन म्हणाल तर, ती तुम्हाला पुरून उरेल."
आणि जीभ चावली त्याने.

आठवड्याला तीनशे मैल.
वर्षाला पंधरा हजार.
किराणाच्या पावतीमागे मी पेन्सिलने मांडत गेले:
तीस हजार भागिले
आणि पेन्सिल खिशात टाकली.
एकतीस वर्षं मी पोरांना भागाकार शिकवला,
अर्धवट सोडलेल्या गणिताला
एक गुणही दिला नाही कधी.

"कॅडिलॅक घे," वेइको आतून म्हणाला.
"सत्तावीसशे डॉलर वाचतात. पुरेल एवढी."

"कोणाला पुरेल?"

तो उठून बसला, टोपी शोधू लागला.
टोपी डोक्यावरच होती.

एवढी चिडले होते मी याआधी एकदाच.
खाण बंद पडली तेव्हा तीन आठवडे
हा रोज डबा घेऊन निघायचा
आणि पुलाखाली गळ टाकून बसायचा.
मला कळलं ते मासे कमी पडेनात म्हणून.
तेव्हाही मला सांभाळत होता. आताही तेच.
कोणी सांगितलंय याला?

मी लिंकनचे पैसे मोजले. विसाच्या नोटा,
दोनदा, कारण डेल मध्येच हवामानाबद्दल बोलला.

"माझी टाच लागते," वेइको म्हणाला.
"गुडघे वाकव."

घरी येताना तो पुढेच बसला.
मागची सीट रिकामी, तिच्यावर त्याचे दस्ताने
आणि डेलने फुकट दिलेला बर्फ खरवडायचा ब्रश.
डावीकडे तळं दिसायला लागलं तसा
तो डॅशबोर्डकडे वाकला,
चष्मा कपाळावर सरकवून,
बटणं चाचपत राहिला बराच वेळ.
एक दाबलं, वायपर सुरू झाले कोरड्या काचेवर.
दुसरं दाबलं तेव्हा
प्रवासाचा काटा शून्यावर आला.

"बघू," तो म्हणाला.
मी वायपर बंद केले.