पायगुण

पौषात माणसांची लग्नं लागत नाहीत.
पालीला देवाचं मात्र लागतं,
आणि इथे डलूथला, उणे सव्वीसात,
कर्टच्या तळघरात आज एक लावायचंय.

भट्टी घरघरतेय. टेबलावर नकाशा, चिप्सचा वाडगा,
तीन महिने चाललेलं देवांचं युद्ध.
सूर्य कुणाकडे किती दिवस, एवढाच वाद.
सहा पानी तह झालाय. त्याखाली जामीन म्हणून
एक नवरा, एक नवरी.

उत्तरेकडून स्काडी.
डोंगराची पोर, पायांना बर्फावरच्या फळ्या, पाठीला धनुष्य.
बापाच्या खुनाची भरपाई म्हणून एकदा नवरा मिळाला होता तिला,
अट अशी, की नुसते पाय बघून निवडायचा.
तिने सगळ्यात देखणे पाय उचलले.
वर बघते तर नको होता तोच, समुद्राचा म्हातारा.
त्याला लांडगे सोसेनात, तिला पाणपक्ष्यांची कलकल.
मोडलं.

आमच्याकडून खंडोबा.
सॉल्वेग कागद वाचून म्हणाली, याला आधीच पाच आहेत?
म्हटलं, तेही तहच की गं.
वाण्याची, धनगराची, शिंप्याची, माळ्याची,
पाचवीच्या जातीवर दोन मतं आहेत.
भंडाऱ्यात सगळ्या एकाच रंगाच्या दिसतात,
लांबून.

मी बाणाई खेळते.
म्हणजे कलम चार: दुसरीची हरकत नाही.
कलम नऊ आर्वोने घातलंय:
तिच्या लांडग्यांनी हिची मेंढरं किती खावीत, दरसाल.
दोन तास त्यावर घासाघीस. शेवटी अकरावर तुटलं.

मग कुणीतरी म्हणालं, साक्षीला इथल्या तळ्याचे देव बोलवू.
सगळे लोरेनकडे बघायला लागले.
तिचे लोक या तळ्याकाठी नकाशाच्या आधीपासून.
ती म्हणाली, ते खेळात नाहीत.
चिप उचलली. मग माझ्याकडे बघून,
तुझी आहे. तिला विचारलंस?

नव्हतं विचारलं.

हौसाआत्याला पण नव्हतं विचारलं कुणी.
कालव्याच्या पाळीवरून दोन वाड्यांत कुऱ्हाडी निघाल्या,
त्या आत्या देऊन आत गेल्या.
माहेरी आली की चहाच्या आधी विचारायची,
पाळी वेळेवर येते ना?
येते म्हटलं की मग पाय धुवायची.

कर्टने फासा पुढे सरकवला. वीस बाजूंचा.
आमच्याकडे हे काम सहाव्या रात्री सटवाई करते
आणि लिहिलेलं कुणाला दाखवत नाही.
मी म्हटलं, थांब. आधी अंतरपाट धर.
तो काय असतो ते सांगितलं,
आर्वोने टेबलावरचा टॉवेल धरला दोन हातांनी.
वर तोंडं झाकलेली, खाली नुसते पाय.
बाणाई त्या रांगेत जाऊन उभी राहते, म्हटलं.

चालेल का?
नियमात नाही म्हणून कुठे लिहिलंय, लोरेन म्हणाली.

सतरा पडले.
स्काडीने देखणे पाय ओलांडले यावेळी.
ती थांबली भेगांपाशी, टाचेत रुतलेल्या काट्यापाशी,
मेंढरांमागे आयुष्यभर चाललेल्या
त्या काळ्या, रुंद पंजापाशी.
हे, ती म्हणाली. हे चालतील बर्फावर.

कर्ट तहाची पानं उलटत राहिला.
नवरा असा शब्द कुठेच नव्हता. जामीन, एवढंच.
खंडोबा घोड्यावर तसाच, मुंडावळ्या बांधलेला.
सूर्याचं राहिलंच.

बाहेर लोरेन माझ्या गाडीची काच खरवडत होती.
तळं लांबवर आतून तडकलं, दार आपटल्यासारखं.
तिने विचारलं, आणि पाणी? आलं पुढे?
आलं, म्हटलं. अजून येतं. मंगळवारी आणि शुक्रवारी.

दोन जोड मोजे होते.
तरी माझेच पाय मला कळत नव्हते.