पात्राचे पूर्ण नाव

कादंबरीत त्याला नाव नाही.
एकशे बारा पानं तो फक्त 'तो' आहे,
रविवारच्या एका दुपारी खाटेवर पडलेला,
आणि शेवटची एकोणीस पानं एकच वाक्य,
न्हाणीघरातल्या गळक्या नळापासून
आईच्या कपाळापर्यंत गेलेलं,
कुठेही न टेकता.
साठ साली हे छापलं तेव्हा लोक म्हणाले होते,
यात काही घडतच नाही.

मला ती अप्पा बळवंत चौकात मिळाली,
गाइडांच्या ढिगाखाली, चाळीस रुपयांना.
आत कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेलं:
'पान ७१. हे मोठ्याने वाचू नये.'
म्हणून तर नाटक करायचं ठरलं.

पण रंगमंचावर नुसतं 'तो' असून भागत नाही.
अंग लागतं, अंगाला सदरा,
सदऱ्याला खिसा, खिशात काहीतरी.
मनातलं बोलायचं तर आवाज लागतो
आणि आवाजाला गाव असतं.
रेवती म्हणाली, एकोणीस पानांची दीड कर.
रात्रभर मी स्वल्पविराम खुडत बसलो,
मेथी निवडावी तसे.
सकाळी देठच जास्त जमले होते.

मग परवानगीचा अर्ज.
रकाना चौथा: पात्राचे पूर्ण नाव.
मी लिहिलं, तो.
फोन आला. बाई सौम्य होत्या.
'आडनाव?'
नाही.
'म्हणजे कोणत्या समाजाचा, ते कळायला नको?
हल्ली वातावरण कसंय, तुम्ही जाणताच.'
जाणतो.
त्याच आठवड्यात लक्ष्मी रस्त्यावरची शटरं
भरदुपारी दोनदा खाली आली होती
आणि का, ते कुणी कुणाला विचारत नव्हतं.
'बरं, नट कोण?'
असीम मुलाणी, मी म्हणालो.
पेन थांबल्याचा आवाज
मला कर्वेनगरात ऐकू आला.

संहिता परत आली. सात ओळींवर लाल रेघ.
पान ७१ची त्यात होतीच.
लोणकरांच्या हॉलची टाकी अचानक गळायला लागली,
त्यामुळे तारीख नाही, अनामत नंतर बघू.
शेवटी नळ स्टॉपमागे
बंद पडलेली पिठाची गिरणी,
मांडववाल्याच्या पंचेचाळीस खुर्च्या.
दर आठ मिनिटांनी वरून मेट्रो जायची.
असीमने तिचाच स्वल्पविराम केला.

पहिल्या रांगेत हवालदार ढमढेरे,
मांडीवर मंजूर प्रत, ओळीवर बोट.
असीम खाटेवर बोलत बोलत
त्या जागेपाशी आला आणि अडकला.
विसरला की थांबला,
मी अजून विचारलेलं नाही.
मेट्रो नव्हती.
आढ्यावरचं कधीचं पीठ
दिव्याच्या उजेडात सावकाश उतरत होतं.
कुणीतरी खोकायचं टाळलं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून,
चौथीतला मुलगा वाचतो तशा आवाजात,
बोटाखालची ओळ:
'दारावरच्या माणसाला नाव सांगितलं
की घर त्याचं होतं.'

रेघ बारीक होती. खालची अक्षरं दिसतच होती.

ढमढेरे वर बघेनात.
असीमने ती ओळ उचलली नाही,
पुढच्या शब्दापासून धरलं.
म्हणजे नटाने कापलेलं काही म्हटलं नाही,
अहवालात तसंच येईल.

नंतर त्यांनी पाणी मागितलं.
शेवटचं पान पुढे केलं:
'साहेब, इथं पूर्णविराम राहिलाय.'
तसंच आहे ते, मी म्हणालो.
त्यांनी पेन उघडलं. बराच वेळ धरून बंद केलं.
बाहेर टेम्पोवाला खुर्च्या मोजत होता.
चव्वेचाळीसच भरत होत्या.
शिवी हासडून तो
पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला.