उलटा पीळ

तुर्भ्याला ट्रक टर्मिनलच्या मागच्या गल्लीत
मे महिन्यात पाना फडक्यानं उचलावा लागतो.
दीड वाजता भोईर मॅडमची गाडी आली.
छपरावर ड्रायव्हिंग स्कूलचा फलक, काचेवर लाल एल,
पायाशी ब्रेक दोन, क्लच दोन.

"एसी दहा मिनिटं चालतो," त्या म्हणाल्या,
"मग गरम वारा. स्पीडब्रेकर आला की पुन्हा थंड,
पुढच्या स्पीडब्रेकरला पुन्हा बंद.
तिघांनी तीनदा गॅस भरला.
शिकणाऱ्या बायका घाम पुसायला स्टिअरिंग सोडतात हो."

गॅस भरणं सोपं.
पोट दुखलं तरी कपाळाला बाम.

आधी फ्यूज काढला, उजेडात धरला. अखंड.
रिलेवर बोट ठेवून शर्वीलला म्हटलं, "दाब बटण."
टक्. बेडकाचं पिल्लू उडावं तसं बोटाखाली.
तरी हॉर्नचा रिले काढून तिथं बसवला,
शेजारून वाटीभर साखर आणावी तसा.
प्रेशर स्विचची टोकं तारेनं जोडून पाहिली.
काही नाही.
खाली पुली गरगर फिरते आहे
आणि तिच्या तोंडावरची चकती
सगळं घर नाचत असताना भिंतीला टेकून.

शर्वीलनं प्लगमध्ये मीटर लावला. बारा पॉइंट तीन.
"भाऊ, करंट आहे. कॉईल गेली. कॉम्प्रेसर बदलू."
मॅडमनी पर्सची चेन नुसतीच उघडली, नुसतीच लावली.

मीटर सज्जन माणूस.
दारातूनच विचारतो, "बरं चाललंय ना?"
एका धाग्यावर लटकलेली तारसुद्धा
त्याला बाराच सांगते.
तो तिच्याकडे काही मागत नाही ना.

नाझिम उस्तादांचा बल्ब मी खिळ्याला टांगून ठेवतो,
जुन्या फियाटच्या हेडलाइटचा, दोन तारा डागलेला.
बल्ब मागतो. पंचावन्न वॅट, आत्ताच्या आत्ता,
क्लचला लागतं जवळपास तेवढंच.
लावला. नखाएवढी तांबूस रेघ आली, गेली.
शेजारी मीटरवर बाराचे दोन झाले.

मग तारेच्या मागे मागे.
बॅटरीच्या ट्रेखाली वाळल्या चिखलाचं कवच,
त्यात काळ्या टेपची गाठ. ब्लेडनं चिरली.
हिरवी भुकटी सांडली,
आणि आत एकच धागा, अजून धरून.

जोड डागलेला नव्हता, नुसता पिळलेला.
आणि पीळ उलटा.
या गल्लीत डावखुरा मी एकटा.

आठवलं. गाडी तेव्हा दुसऱ्या कुणाची होती.
रात्री साडेनऊ, उंदरानं कुरतडलेली वायर,
लाइट गेलेली, डागणी थंड,
तो म्हणत होता, बायको मुलं घेऊन हायवेवर उभी आहे.
मी टेप जास्त गुंडाळली.
सात उन्हाळे काढले त्या टेपनं.

शर्वीलनं पीळ पाहिला, माझा हात पाहिला,
आणि शहाण्यासारखा बाटलीतलं पाणी प्यायला लागला.

"कुणाचं हो हे काम?" मॅडमनी विचारलं.
"माझं."
"शिकाऊ होतात?"
"नाही. घाईत होतो."
त्या हसल्या नाहीत.
"शिकाऊ बरे," म्हणाल्या,
"ते निदान घाबरून ब्रेक तरी दाबतात."

तांबं गुलाबी लागेपर्यंत तार मागे कापत गेलो.
नवा तुकडा, डाग, वर नळी चढवून तापवली.
बल्ब लावला, डोळे दिपले.
बल्ब काढून प्लग लावला. चट्.
चकती पुलीला भिडली,
इंजिननं जरासा खांदा पाडला, पुन्हा सावरला.

पैसे घेणार नव्हतो.
"तारेचे," म्हणत त्यांनी साठ रुपये व्हाइसवर ठेवले.

मागे बसलेली एक नवी बाई पुढे येऊन बसली,
फाटकापाशी गाडी बंद पाडली, पुन्हा चालू केली.
टर्मिनलच्या तोंडाशी मोठा स्पीडब्रेकर आहे.
मी पाना तसाच हातात धरून उभा राहिलो,
फडकं विसरून.
गाडी चढली, उतरली.
काच खाली आली नाही.